लग्न कमी कचऱ्याचे करायचे आहे. खरा फरक नेमका कशाने पडतो?

नीरेकाठ:
माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न येत्या मार्गशीर्षात साताऱ्यात आहे. मुलाकडची मंडळी नाशिकची आहेत, आमची निम्मी माणसे साताऱ्यातली आणि उरलेली पुण्याची. यादी सध्या चारशेवर थांबली आहे, म्हणजे थांबलेली नाही, हे इथल्या अनुभवी सभासदांना सांगायला नको. मागच्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात रात्री अकरा वाजता मी हिशेब चुकता करण्यासाठी कार्यालयाच्या मागच्या दाराशी गेलो होतो. तिथे भात, जिलेबी, चंदेरी चकाकणारे द्रोण, पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या आणि सकाळी हौसेने लावलेली ऑर्किडे एकाच ट्रॉलीत भरली जात होती. ते दृश्य बहिणीनेही पाहिले आणि आपले लग्न असे नको, असे तिने त्याच रात्री ठरवले.
आता सल्ले भरपूर मिळत आहेत: बियांच्या कागदाची पत्रिका, बांबूची सजावट, पाहुण्यांना परतभेट म्हणून रोपे वगैरे. माझा प्रश्न असा, की यांपैकी कशाने खरोखर फरक पडतो आणि काय केवळ छायाचित्रापुरते आहे? दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. हे सारे करताना वरपक्षाला आपला मान राखला गेला नाही असे वाटू नये, यासाठी काय करावे?

उंटावरचा:
सर्वांत पर्यावरणस्नेही उपाय म्हणजे पळून जाणे. एक दुचाकी, दोन माणसे आणि शून्य पत्रावळी.

मावशीबाई:
उंटावरचा यांनी स्वतः तसे केले असते, तर त्यांच्या लग्नात आम्ही जेवलेली बासुंदी कुठून आली असती?
नीरेकाठ, बियांच्या कागदाचे मनावर घेऊ नका. माझ्याकडे अशा तीन पत्रिका आल्या, तिन्ही मी कुंडीत पुरल्या, आणि आजवर फक्त एकीतून काहीतरी उगवले, तेही मला गवत वाटते. त्यापेक्षा जुनी रीत बरी. पूर्वी घरोघर जाऊन अक्षत देत आणि तेच आमंत्रण असे. पहिली अक्षत देवाला, मग भावकीला. आजही मोजक्या वडीलधाऱ्यांकडे प्रत्यक्ष जाऊन अक्षत द्या आणि बाकीच्यांना फोनवर पत्रिका पाठवा. घरी येऊन बोलावणे केले, तर कागद जाड होता की पातळ हे कोणी विचारत नाही.

त्रैराशिक:
धाग्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत शोधण्याचा प्रयत्न करतो. आकडे ढोबळ आहेत, पण प्रमाण कळण्यास पुरेसे आहेत.
दोनशे घरांना दोनशे पत्रिका आणि प्रत्येक पत्रिका ५० ग्रॅमची धरली, तर एकूण कागद होतो १० किलो. चारशे माणसांनी प्रत्येकी केवळ १०० ग्रॅम अन्न टाकले, तर होतात ४० किलो, आणि ते सुक्या कचऱ्यात मिसळून कचरा डेपोवर गेले, की ढिगाच्या आत हवा नसल्यामुळे कुजताना त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे पत्रिकेची चिंता वाहताना ताटाकडे दुर्लक्ष झाले, तर आपण मोरीला बोळा लावून दार उघडे ठेवले.
आता प्रवास पाहू. नाशिक ते सातारा साधारण ३२० किलोमीटर, जाऊन येऊन ६४०. वऱ्हाडाच्या १२ मोटारी निघाल्या आणि प्रत्येकीने लिटरला १६ किलोमीटर दिले, तर ४८० लिटर डिझेल जळेल. एक लिटर डिझेलमागे सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर हे जवळजवळ १,२९० किलो होतात. तीच ४५-४८ माणसे एका बसने आली आणि बसने लिटरला ४ किलोमीटर दिले, तर १६० लिटर, म्हणजे सुमारे ४३० किलो. एका निर्णयाने साडेआठशे किलो वाचतात. एवढी बचत पत्रिका, फुले आणि रोपे यांतून एकत्रितपणेही होणार नाही.
थोडक्यात, आधी माणसांची संख्या, मग त्यांचा प्रवास, मग ताट. उरलेले सगळे त्याच्या खूप मागे.

उंटावरचा:
त्रैराशिक यांना आमंत्रण दिल्यास ते जेवण्यापूर्वी ताट वजन करून घेतील, याची नोंद घ्यावी.

करवीरवासी:
बसचा मुद्दा मला पटतो आणि त्यात नवे काहीच नाही. आमच्या लहानपणी सगळे वऱ्हाड एसटीतूनच जात असे. महामंडळ आजही लग्नासाठी प्रासंगिक करारावर गाडी देते. एका गाडीत दोन्हीकडच्या आत्या, माम्या आणि करवल्या बसल्या, की निम्मे रुसवेफुगवे टोलनाक्यापर्यंतच मिटतात, हा फायदा त्रैराशिक यांच्या गणितात आलेला नाही.
आणखी एक सांगावेसे वाटते. साधेपणाने लग्न करणे ही आपल्याकडे बाहेरून आलेली कल्पना नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिला सत्यशोधक विवाह लावला. त्यामागे पुरोहितशाहीला विरोध होता आणि कर्जबाजारी करणारा खर्च टाळणेही होते. पुढे गाडगेबाबा आपल्या कीर्तनांतून ऋण काढून सण किंवा लग्न करू नका, असे बजावत राहिले. त्यांचा विचार पर्यावरणाचा नव्हता हे मान्य, पण वरपक्षाला समजावताना ‘हरित विवाह’ म्हणण्यापेक्षा ‘गाडगेबाबांनी सांगितले तसे’ म्हणणे आमच्या भागात अधिक उपयोगी पडते.

आचारी_नाशिककर:
मी गेली बावीस वर्षे लग्नाची कामे घेतो, म्हणून ताटाविषयी थोडे सविस्तर लिहितो.
आमच्या धंद्यात माणसे मोजत नाहीत, पाने मोजतात. यजमानांना विचारले की ते सांगतात, “चारशे पाने धरा, पण पाचशेची तयारी ठेवा, कमी पडले तर अब्रू जाईल.” आम्ही पाचशेची तयारी ठेवतो. आमच्या मनात वर आणखी दहा टक्के असतात, कारण कमी पडले तर यजमानांच्या आधी आमची अब्रू जाते. प्रत्यक्षात येतात साडेतीनशे. म्हणजे वाया जाणारे बरेचसे अन्न पाहुण्यांनी ताटात टाकलेले नसतेच, ते भीतीपोटी आधीच शिजवलेले असते.
दुसरे कारण बुफे. बुफेत शेवटचा पाहुणा जाईपर्यंत प्रत्येक पात्र भरलेले दिसले पाहिजे, असा आग्रह असतो. बावीस पदार्थ ठेवले, तर शेवटच्या अर्ध्या तासात बावीस पात्रे भरलेली राहतात आणि तेवढीच परत येतात. शिवाय पुन्हा रांगेत उभे राहावे लागू नये म्हणून माणूस पहिल्याच फेरीत डोंगर रचतो, चाट, नूडल्स आणि पुलाव एकाच ताटात घेतो, आणि मग त्याला काहीच खाववत नाही.
पंगतीत असे होत नाही. वाढपी कसलेले असतील, तर आधी थोडेच वाढतात आणि तीनदा फिरतात. मसालेभात, वरण-भात, अळूची भाजी, बटाट्याची सुकी भाजी, कोशिंबीर, पुरी, जिलेबी आणि मठ्ठा एवढ्यावर उत्तम पंगत उठते. तुम्ही मला तीनशे तीस पाने पक्की सांगितली, तर मी भाताची फोडणी आणि धुतलेले तांदूळ तयार ठेवतो आणि दुसऱ्या पंगतीची माणसे बसलेली पाहून मगच तांदूळ टाकतो. पुऱ्यांचेही तसेच. अळूची भाजी मात्र मागाहून करता येत नाही, म्हणून ती बेतानेच करावी.
उरलेले अन्न कोणाला देणार, हे आदल्या दिवशी ठरवून ठेवा. रॉबिन हूड आर्मीसारखे स्वयंसेवक काही शहरांत येऊन घेऊन जातात, पण त्यांना न वाढलेले आणि ताजे अन्न लागते. दुपारी चार वाजता आठवण होऊन फोन केला, तर तोवर भाताला वास यायला लागलेला असतो आणि मठ्ठ्याचे तर विचारूच नका. दान करायचे म्हणून कोणाला शिळे खाऊ घालू नये.

नीरेकाठ:
आचारी_नाशिककर, मनःपूर्वक आभार. ‘पाचशेची तयारी ठेवा’ हे वाक्य आमच्या वडिलांनी परवाच जसेच्या तसे उच्चारले आहे. पंगत ठरली, तर ताटे कसली घ्यावीत? कार्यालयवाले कागदी ताटे सुचवतात, ती कुजतात असे ते म्हणतात.

पोफळी:
कागदी ताटाचा तुकडा फाडून पाहा. आतून पातळ पापुद्रा निघाला, तर तो प्लास्टिकचा आहे. चहाच्या कागदी पेल्यालाही असेच अस्तर असते. चंदेरी मुलाम्याच्या पत्रावळी तर कुजतही नाहीत आणि भंगारवाला घेतही नाही. थर्माकोलची ताटे महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ज्या वस्तूंवर बंदी आली, त्यांत ताटे, पेले, चमचे, सजावटीचे थर्माकोल आणि निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळायचा प्लास्टिकचा कागदसुद्धा आहे. तरीही दुकानात सगळे मिळते, ही गोष्ट वेगळी.
आमच्याकडे रत्नागिरीत पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या झाडाच्या, विरीची (झावळीच्या बुडाच्या रुंद देठाची) ताटे करतात. ती मजबूत असतात, आमटी धरतात आणि जेवण झाल्यावर गोठ्यामागच्या खड्ड्यात टाकली की विषय संपतो. मात्र ती साताऱ्याला मागवायची, तर किंमत आणि वाहतूक दोन्ही पाहा. केळीची पाने जवळ मिळत असतील, तर त्यांच्यासारखे दुसरे काही नाही.

करवीरवासी:
एवढे लांब कशाला जायचे? बहुतेक गावांत गावकीची भांडी असतात. तळाशी देणगीदाराचे नाव कोरलेली स्टीलची ताटे, वाट्या, पेले, पिंपे आणि पातेली देवळाच्या खोलीत कुलूपबंद असतात, नाममात्र भाड्याने मिळतात आणि मोजून परत घेतात. काही ठिकाणी महिला बचत गटही असा संच भाड्याने देतात. आपण ‘पुनर्वापर’ हा शब्द शिकण्याच्या आधीपासून हे चालू आहे.

मांजराकाठ:
करवीरवासी यांच्या मताचा आदर राखून माझी असहमती नोंदवतो. मी लातूरचा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. चारशे ताटे, आठशे वाट्या आणि चारशे पेले धुवायला जे पाणी लागते, ते कोल्हापूर-साताऱ्याला दिसत नाही, पण आमच्याकडे वैशाखात लग्न असले तर त्यासाठी वेगळा टँकर मागवावा लागतो, आणि तो टँकर कोणाच्या तरी विहिरीतून येतो. अशा ठिकाणी पळसाच्या पानांची, काड्यांनी टाचलेली पत्रावळ हीच योग्य आहे. फक्त यंत्रावर दाबलेली पत्रावळ घेताना ती उलटून पाहावी, कारण तिच्याखाली कधी कधी प्लास्टिकचा थर चिकटवलेला असतो.
म्हणून ‘स्टील चांगले की पत्रावळ’ याला सगळीकडे लागू होणारे एक उत्तर नाही. लग्न कोणत्या महिन्यात आणि कोणत्या तालुक्यात आहे, हे आधी सांगावे लागेल.

करवीरवासी:
मांजराकाठ यांचे म्हणणे मान्य करतो. पंचगंगेच्या काठी राहून मी हे विसरलो होतो.

त्रैराशिक:
पाण्यावरून आठवले. २०० मिलिलिटरच्या बाटल्या दर माणशी तीन धरल्या, तर चारशे जणांना १,२०० बाटल्या लागतात आणि त्यांतील बऱ्याच दोन घोट घेऊन टेबलाखाली राहतात. दर माणशी एक लिटर पाणी धरले, तर २० लिटरचे २० जार पुरतात. पिंप, तोटी आणि धुतलेले पेले एवढीच व्यवस्था लागते.

मावशीबाई:
व्यवस्था एवढीच लागते, पण पिंपाजवळ एक माणूस उभा करावा लागतो, हे पुरुषांना कधीच आठवत नाही. तो नसला, तर पेले संपतात आणि कोणीतरी धावत जाऊन बाटल्यांची खोकी आणतो. घरातला एखादा पुतण्या आधीच नेमून टाका.
आता रुखवताविषयी. हल्लीच्या रुखवतात थर्माकोलचे देऊळ, प्लास्टिकच्या मण्यांची तुळस, चमकीचा बैल आणि आईस्क्रीमच्या काड्यांची विहीर असते. दोन तास लोक पाहतात आणि नंतर ते मुलीच्या सासरी माळ्यावर जाते. मुळात रुखवत हे खाण्याचे असे. लाडू, करंज्या, अनारसे, सांडगे, पापड, कुरडया मातीच्या मडक्यांत आणि परड्यांत मांडून पाहा. महिन्याभरात सगळे संपते आणि सासू कौतुकही करते.
अक्षतांचेही मनावर घ्या. चारशे माणसांना मूठमूठ दिली, तर आठ किलो तांदूळ पायाखाली जातात. मूठ नको, चिमूट पुरे. आणि त्या कुंकवाच्या भडक रंगात बुडवू नका, मग पाखरांनाही घालता येत नाहीत. हळद पुरते.

मांजराकाठ:
आमच्याकडे अक्षता ज्वारीच्याच असतात. कार्यालयात सतरंजी अंथरलेली असली, तर नंतर झटकून कोंबड्यांना घालता येतात.

हातचा_एक:
सगळ्यांनी फुले, बँड, पत्रिका, मांडव यांवर काट मारायचे ठरवले, तर छापखानेवाले, माळी आणि वाजंत्री यांनी काय करावे? लग्नसराईवर कितीतरी घरे वर्षभर जगतात. पर्यावरणाच्या नावाखाली मध्यमवर्ग पैसे वाचवतो आणि वर त्याचे कौतुकही करून घेतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पोफळी:
प्रश्न रास्त आहे, पण काट मारण्यापेक्षा खर्चाची दिशा बदलता येते. ऑर्किडे बहुतांशी थायलंडहून विमानाने येतात आणि ज्या हिरव्या स्पंजात ती खोचतात, तो कुजत नाही. चुरा होऊन मातीत राहतो. त्याच पैशात झेंडू, शेवंती, निशिगंध आणि अबोली सुतात ओवून घेतली, तर पैसा जवळच्या शेतकऱ्याला आणि माळणीला मिळतो. मोठ्या आवाजाच्या भिंती आणि त्यासाठीचे जनित्र यांऐवजी सनई-चौघडा बोलावला, तर वादकाचेही पोट भरते आणि मंगलाष्टकाही ऐकू येतात. मुंडावळ्याही प्लास्टिकच्या मोत्यांच्या न घेता फुलांच्या घ्याव्यात. हातचा_एक यांची काळजी त्यातून बरीच मिटेल.

मांडवीतीर:
मी गोव्यात राहतो. इथे होणाऱ्या ‘हरित’ लग्नांविषयी दोन शब्द. गेल्या हंगामात एका लग्नाला गेलो होतो. बांबूचा मांडव, तागाची तोरणे, नारळाच्या करवंट्यांतून सरबत, सारे अगदी देखणे होते. दीडशे पाहुणे मात्र तीन शहरांतून विमानाने आले होते. त्रैराशिक यांनी त्याचे गणित न मांडलेलेच बरे.
त्याहून वाईट गोष्ट किनाऱ्याची. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि त्यांचा हंगाम आणि लग्नांचा हंगाम जवळजवळ एकच आहे. अंड्यातून निघालेली पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्राऐवजी मांडवाचा उजेड अधिक असेल, तर ती तिकडे वळतात. ज्यांना समुद्रच हवा आहे, त्यांनी निदान दिवसाउजेडी लग्न लावावे.

म्युनिकवासी:
मांडवीतीर यांचा रोख विमानाने येणाऱ्यांवर आहे आणि मी त्यांतलाच आहे, म्हणून लिहितो. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला मी येणारच. पण आता साखरपुड्याला वेगळा, लग्नाला वेगळा असे दोन फेरे करत नाही. घरच्यांनी लग्न आणि माझी वार्षिक रजा जुळवून घेतली आणि साखरपुडा मी पडद्यावर पाहिला. वाईट वाटले, पण तेवढेच.

मावशीबाई:
दिवसाउजेडाचा मुद्दा नीरेकाठ यांनी लिहून घ्यावा. गोरज मुहूर्ताचा हट्ट धरला, की रोषणाई आली आणि रात्रीचे जेवणही आले. सकाळचा मुहूर्त धरा.

नीरेकाठ:
मुहूर्त सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांचा निघाला आहे. आता दुसऱ्या, नाजूक प्रश्नाकडे येतो. मानपानाच्या साड्यांचे काय करावे? आईच्या यादीत एकोणतीस साड्या आहेत, आणि त्यांतली एकही कोणी नेसणार नाही हे आईलाही ठाऊक आहे.

उंटावरचा:
देण्याघेण्याच्या साडीइतकी पर्यावरणस्नेही वस्तू जगात नाही. आमच्या घरातून २०११ मध्ये दिलेली मोरपिशी साडी सात घरे फिरून २०१९ मध्ये आमच्याकडेच परत आली. घडीही मोडलेली नव्हती.

करवीरवासी:
विनोद बाजूला ठेवून सांगतो, हे मुलीच्या भावाने सांगू नये. आमच्याकडे नवऱ्या मुलाने स्वतः आपल्या आईला सांगितले आणि दोन्ही व्याह्यांनी एकत्र बसून ठरवले, की फक्त सख्ख्या पाच जणींना, त्यांच्या पसंतीच्या, नेसता येतील अशा साड्या द्यायच्या. मुलीकडून हा विषय निघाला असता, तर तो कंजूषपणा ठरला असता. मुलाकडून निघाला, म्हणून तो मोठेपणा ठरला. हे योग्य नाही, पण असे आहे. पत्रिकेवर ‘आहेर व पुष्पगुच्छ स्वीकारले जाणार नाहीत’ असेही छापा, म्हणजे लेमन सेट आणि भिंतीवरची घड्याळे थोडी तरी कमी होतील.

त्रैराशिक:
कार्यालय ठरवताना ओला कचरा कुठे जातो, हे विचारायला विसरू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांत दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्यांवर आपला ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवण्याची जबाबदारी टाकली होती. शेतात किंवा मोकळ्या जागेवर मांडव घालणार असाल आणि शंभराहून अधिक माणसे असतील, तर स्थानिक संस्थेला कामकाजाचे किमान तीन दिवस आधी कळवण्याचीही तरतूद त्यांत होती. खतखड्डा दाखवा म्हटल्यावर व्यवस्थापक कुठे पाहतो, त्यावरून बरेच कळते.

नीरेकाठ:
लग्न होऊन आठवडा झाला. धागा वर काढतो आहे, कारण इतक्या जणांनी मनापासून लिहिले होते.
यादी तीनशे साठवर आणली. त्यासाठी घरात दोन भांडणे झाली, पैकी एक अजून मिटायचे आहे. आचाऱ्यांना तीनशे तीस पाने पक्की सांगितली आणि मागाहून तांदूळ टाकण्याची अट घातली. प्रत्यक्ष ३४६ पाने उठली. कमी काही पडले नाही. उरला तो दोन पातेली मसालेभात आणि एक परात पुऱ्या, ते दुपारी दीड वाजताच जवळच्या वसतिगृहात पोचले, कारण तिथल्या अधीक्षकांशी आदल्या दिवशी बोलून ठेवले होते. ताटांतले उष्टे अडीच बादल्या भरले. कार्यालयाचा खतखड्डा खरोखर होता, व्यवस्थापकाने तो अभिमानाने दाखवला.
ताटे आमच्या आजोळच्या गावकीची आणली. परत देताना तीन वाट्या कमी भरल्या, त्यांचे पैसे भरले. नाशिकचे वऱ्हाड एसटीने आले, फक्त चार मोटारी वेगळ्या आल्या. गाडी खंबाटकी घाटात अडकून पाऊण तास उशिरा पोचली. त्या पाऊण तासात वडिलांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ते त्रैराशिक यांच्या कोष्टकात बसणार नाही. मुहूर्त मात्र गाठला.
फसलेल्या गोष्टीही सांगतो. पिंपाजवळ नेमलेला पुतण्या फोटो काढायला गेला आणि मावशीबाईंनी लिहिले होते तेच घडले. कोणीतरी बाटल्यांची चार खोकी आणली. आहेर नको असे छापूनही प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले सव्वीस पुष्पगुच्छ आले. साड्यांचे मेहुण्यांनी स्वतः बोलून पाचावर आणले, पण आईने सहावी गुपचूप दिली.

उंटावरचा:
सहावी मोरपिशी होती का?

नीरेकाठ:
आईला विचारले. रंग सांगायला ती तयार नाही.

मांजराकाठ:
माझ्या मुलाचे लग्न फाल्गुनात आहे. तेव्हा आमच्याकडे पाणी असते, म्हणून ताटे स्टीलचीच घ्यावीत असा विचार करतो आहे. साडेतीनशे ताटे धुवायला किती माणसे लावली होती आणि किती वेळ लागला, तेवढे सांगाल का?

नीरेकाठ:
पाच बायका आणि दोन गडी, दुपारी दोन ते साडेपाच. पहिले पाणी राखेचे ठेवले आणि ताटे आधी भुश्श्याने पुसून घेतली, त्यामुळे पाणी बरेच कमी लागले. मजुरी कार्यालयाच्या भाड्यात नव्हती, ती वेगळी धरा.